वरच्या खोलीतला हुंकार

१

दोघी बहिणींचं ठरून गेलेलं होतं. सकाळी ताईनं वरच्या खोलीत बसून बोलायचं आणि दुपारी धाकटीनं खाली जेवणाच्या टेबलावर ते टाइप करायचं. ताईचे डोळे गेले होते. अगदी गेले नव्हते, पण नजरेचा मधला भाग पुसल्यासारखा झाला होता. माणसाकडे पाहिलं की कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहरा तेवढा दिसायचा नाही. लिहिणं-वाचणं बंदच झालं. मग धाकटीनं एक छोटा रेकॉर्डर आणला, त्याचं लाल बटण ताईच्या बोटाला ओळखीचं करून दिलं आणि म्हणाली, "घे, आता तुझी सुटका नाही."

ताई नावाजलेली लेखिका होती. घरातल्या माणसांवर लिहायची. रुसवे, मोडलेली लग्नं, एकाच छपराखाली अबोला धरून म्हातारे झालेले भाऊ. तिची पुस्तकं प्रवासात वाचली जात, आजारी माणसाला भेट म्हणून दिली जात. धाकटीनं उभी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून केली. साक्षीदार बोलेल ते शब्दाला शब्द उतरवायचं, त्यात आपलं पदरचं घालायचं नाही. त्यामुळे ताईच्या पल्लेदार वाक्यांपुढे ती कधीकधी नाक मुरडायची. ताई म्हणायची, "तू मला पिंजऱ्यात उभी केल्यासारखी टाइप करतेस."

अशा एका दुपारी, जेवणाची भांडी आवरून, कानाला हेडफोन लावून धाकटी टाइप करत होती. ताईचं एक वाक्य संपलं. पुढचं सुरू व्हायच्या आधी, त्या एवढ्याशा फटीत, कुणीतरी म्हणालं, "हूं."

हळूच. गोष्ट ऐकणारं माणूस म्हणतं तसं.

२

धाकटीनं ते मागे घेऊन पुन्हा ऐकलं. ताईचाच घसा असणार. या वयात घसा काय काय आवाज काढतो ते तिला स्वतःच्या घशावरून माहीत होतं. ती पुढे गेली. पुन्हा एका वाक्यानंतर "हूं." मग बराच वेळ नाही. मग पुन्हा.

दुसऱ्या दिवशी तिनं ताईला न सांगता वरच्या खोलीची खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला, सांधा सैल झालेली खुर्ची बदलली. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये खुर्ची कुरकुरली नाही, पंखा फिरला नाही, बाहेरचं कुत्रं भुंकलं नाही. त्या शांततेत हुंकार उलट जास्तच स्वच्छ ऐकू आला. आणि एका ठिकाणी तो ताईच्या बोलण्यावरच चढला. ताई "कालवा" म्हणत होती आणि त्याच क्षणी दुसरं कुणीतरी "हूं" म्हणालं. एका घशातून दोन आवाज एका वेळी निघत नाहीत, हे समजायला कोर्टात नोकरी करावी लागत नाही.

धाकटी उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. तिला लहानपण आठवलं. एका पांघरुणात दोघी, ताई गोष्ट सांगतेय आणि आपण हुंकार देतोय. झोप लागून हुंकार थांबला की ताई कोपरानं ढोसायची. हुंकार नसला तर तिला पुढचं सुचायचंच नाही. कदाचित त्यामुळेच आपल्या कानाला हे भास होत असतील, असं धाकटीनं स्वतःला समजावलं. समजूत पटली नाही, पण कामाला लागण्यापुरती पुरली.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे तिनं टाइप केलेलं ताईला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर ती अडखळली. हाताच्या सवयीनं तिनं ते टाइपही करून टाकलं होतं. ताईच्या दोन वाक्यांच्या मधे, स्वतंत्र ओळीत: हूं.

"थांबलीस का?" ताईनं विचारलं.

"चूक झालीय एक. खोडते."

ताईनं मान तिच्या कानाच्या दिशेनं वळवली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणीतरी आपल्या हातातलं ओझं अर्धं घ्यावं तशी ती सैल झाली होती. "तू पण ऐकलंस," ती म्हणाली. "मला वाटलं डोळ्यांमागोमाग डोकंही चाललं."

३

ताई जे सांगत होती ते घरातल्या माणसांवरचं नव्हतं. कालव्याकाठी पूर्वी रंगाच्या कारखान्यातल्या लोकांची वस्ती होती. पत्र्याची घरं, दोऱ्यांवर वाळणारं सूत, आणि निळ्या बोटांची माणसं. निळा रंग नखांत, टाचांच्या भेगांत कायमचा बसलेला. ताईचे कपडे शिवणारी बाई तिथलीच. तिचा नवरा, दीर, बापही रंगाच्या टाक्यांवर. ताई एका दुपारी शिवायला टाकलेले कपडे आणायला गेली, तेव्हा वस्तीत ट्रक उभे होते आणि माणसं चढवली जात होती. ती पुलावरून पाहत राहिली; पुढे जाऊ दिलं नाही. ट्रक गेले. कारखान्याला कुलूप लागलं, कामावर गेलेले पुरुषही पुन्हा कुणाला दिसले नाहीत. चौकशी करणाऱ्यांना आधी सांगितलं गेलं की वस्तीतल्या लोकांना चांगली जागा दिली. नंतर चौकशी करणारेही उरले नाहीत. आता तिथे बाग आहे, आणि बागेच्या उद्घाटनाला एका मोठ्या माणसानं भाषणात सांगितलं की इथे पूर्वी नुसता ओसाड माळ होता.

ताई त्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसली होती. घरी आली, चपलाही न काढता वर गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं.

धाकटीला हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. या वयात कशाला ही उठाठेव, असं तिनं अनेकदा म्हणून पाहिलं होतं. हुंकाराचं कळल्यावर तर तिनं सरळ सांगितलं की बंद कर. खोली बदल, नाहीतर निदान विषय बदल.

ताईनं टेबलावरचा रेकॉर्डर चाचपून हातात घेतला. मग म्हणाली, "खरं सांगू? मी आधी टाळ्यांसाठी लिहिलं. वर्गातल्या मुली मागे वळून बघतील म्हणून. मग एकदा नवऱ्याचा सूड म्हणून लिहिलं. ते पुस्तक सगळ्यांत जास्त खपलं. त्यानंतर सवय म्हणून. सवयीचं लिहिणं कसं असतं ते तू टाइप केलंयस, तुला माहीत आहे."

"आणि हे?"

"हे राजकारण म्हण हवं तर. ते म्हणतात माळ होता, मी म्हणते घरं होती. एवढंच माझं राजकारण." तिनं मान जिन्याच्या दिशेनं वळवली. "पण ते झालं सुरुवातीचं. आता तसंही राहिलं नाही गं. कुणी समोर बसून ऐकतंय, तर मधेच उठून कसं जायचं?"

"कोण ऐकतंय?"

ताई हसली. "मला चेहरे दिसत नाहीत. तूच ये की एकदा वर."

धाकटी गेली नाही.

४

वर गेली नाही तरी ऐकणं सुटलं नाही. दुपारी हेडफोन लावले की ती वरच्या खोलीत असल्यासारखीच व्हायची. हुंकार आता एकाचा राहिला नव्हता. एक जाड, खोकलेला आवाज होता. एक बाईचा, तोंडात सुई धरून बोलावं तसा, ओठ न उघडता. एक फार बारीक होता. तो आला की धाकटी पटकन आवाज कमी करायची.

आणि तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ताई सरळ सांगत असली की हुंकार येत. ताईनं जरा पल्ला मारला की थांबत. एकदा ताईनं कालव्यावरची संध्याकाळ रंगवायला घेतली. केशरी पाणी, घरी परतणारे पक्षी, वाऱ्यावर हलणारं सूत. फारच सुरेख जमलं होतं ते. पण खोलीत कुणी हूं की चूं केलं नाही. वाक्यामागून वाक्य त्या शांततेत पडत गेलं, विहिरीत टाकल्यासारखं. शेवटी रेकॉर्डिंगमध्ये ताईचा ओशाळलेला आवाज आला.

"बरं, बरं. दुपार होती ती. पक्षीबिक्षी काही नव्हतं. आणि पाण्याला घाण वास येत होता."

"हूं," सगळे म्हणाले.

धाकटीला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिच्या अंगावर काटा आला. आपण उभ्या आयुष्यात ताईला जे समजावू शकलो नाही, ते या लोकांनी काही न बोलता समजावलं होतं. पानं कोरडी, स्वच्छ होत चालली होती. इतकं चांगलं ताईनं याआधी कधी लिहिलं नव्हतं. आणि ताई रोज सकाळी वर जाताना जिन्याचा कठडा जरा जास्त घट्ट धरत होती, खाली येताना जरा जास्त वेळ घेत होती. जेवण अर्ध्यावर आलं होतं. तिचे कपडे खांद्यावरून ओघळायला लागले होते.

५

लेखनाची खबर कुठून तरी फुटली. साहित्य मंडळाचा सचिव एका सकाळी भेटायला आला. गोड माणूस. ताईच्या पहिल्या पुस्तकातली वाक्यं त्याला पाठ होती. ताईनं त्याला वरच बोलावलं आणि धाकटीला चहा घेऊन जावंच लागलं.

खोली नेहमीसारखी होती. एक टेबल, ताईची खुर्ची, पाहुण्यांची खुर्ची, पुस्तकांचं कपाट, आणि मधे मोकळी फरशी. फरशीवर ऊन पडलं होतं. पण खोली कोंदटली होती, खूप माणसं बराच वेळ बसून राहिली की कोंदटते तशी. आणि ओल्या सुताचा वास होता.

सचिव सांगत होता की यंदाच्या सन्मानासाठी ताईंचंच नाव आहे. फक्त ते कालव्याचं प्रकरण. ते नंतर कधीतरी. त्याचं स्वतःचं काहीच म्हणणं नव्हतं, पण लोक उगाच अर्थ काढतात, आणि अशा वेळी एकट्या राहणाऱ्या बायकांना त्रास होतो, हे त्याला बघवलं नसतं. हे सगळं तो हळुवार आवाजात बोलत होता. बोलता बोलता त्यानं आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. आपला पाय कुणाला लागू नये म्हणून घेतो तसे. थोड्या वेळानं आणखी आत घेतले.

धाकटी ट्रे घेऊन दारात उभी राहून ते पाहत होती.

"आणखी कुणी येणार आहे का?" त्यानं मधेच विचारलं.

"का?" ताई म्हणाली.

"नाही, सहज." तो काय बोलत होता ते विसरला. रुमालानं मान पुसली. जायला उठला तेव्हा मोकळ्या फरशीवरून सरळ दाराकडे आला नाही. भिंतीला पाठ लावून, अंग आक्रसून, एकेक पाऊल बघून टाकत, भरलेल्या सभेतून बाहेर पडणाऱ्या माणसासारखा आला. आपण असं का चालतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. धाकटी ट्रे घेऊन दारातून बाजूला झाली, तेव्हा त्यानं फक्त तिच्याकडे पाहिलं आणि जिना उतरला.

ताईनं त्याला नाही म्हणून सांगितलं होतं.

६

त्यानंतर लवकरच ताई पडली. सकाळी वरून धप्पकन आवाज आला. धाकटी धावत गेली तेव्हा ताई खुर्चीच्या पायाशी होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच पुष्कळ. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कदाचित येईल, कदाचित नाही.

ताईला खालच्या खोलीत आणून निजवल्यावर धाकटीनं ते शेवटचं रेकॉर्डिंग ऐकलं. ऐकायचं नव्हतं, तरी ऐकलं. ताई सांगत होती: ट्रक भरले. शिवणारी बाई मागच्या फळीला धरून उभी होती. तिनं पुलाकडे पाहिलं. ट्रक पुलाखालच्या रस्त्यानं वळले, आणि...

"आणि," ताई पुन्हा म्हणाली.

तिला पुढचं माहीत नव्हतं. तिनं तेवढंच पाहिलं होतं.

"हूं," जाड आवाज म्हणाला.

"हूं," बाई म्हणाली. मग बारीक आवाज. मग कितीतरी, एकात एक मिसळून. आता त्यात हट्ट होता, पुढे सांग म्हणणाऱ्या मुलांचा असतो तसा. ताईचा श्वास मोठा होत गेला. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते." आणि मग तो धप्पकन आवाज.

धाकटीनं हेडफोन काढून टेबलावर टाकले. तिला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. म्हाताऱ्या, आंधळ्या बाईच्या छातीवर बसून गोष्ट वसूल करायची. सचिवाचा फोन आला तेव्हा ती त्या रागातच होती. त्याला फार वाईट वाटलं होतं. मोठ्या इस्पितळातल्या उपचारांची सगळी व्यवस्था मंडळ करेल म्हणाला. दुपारी माणूस पाठवतो, त्याच्याकडे रेकॉर्डर आणि कागद देऊन टाका, म्हणजे ते नीट सांभाळून ठेवता येतील.

"पाठवा," धाकटी म्हणाली.

७

रेकॉर्डर वर, कपाटात होता. ते ऐकल्यावर डोळ्यांसमोर नको म्हणून तिनं तो स्वतःच तिथे नेऊन ठेवला होता. जिना चढताना ती मोठ्यानं पावलं टाकत होती. दार लोटलं.

फरशीवर माणसं बसली होती. सगळी तिच्याकडे पाठ करून, ताईच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, दाटीवाटीनं. वाकलेल्या पाठी, विस्कटलेले केस, एका बाईच्या खांद्यावर झोपलेलं मूल. जमिनीवर टेकलेले तळवे, आणि त्यांची नखं निळी. कुणी वळून पाहिलं नाही. फक्त दाराजवळचं, सगळ्यांत मागचं जे होतं, ते थोडं पुढे सरकलं आणि तिला बसायला जागा करून दिली.

मग नुसती फरशी होती आणि ऊन होतं.

धाकटी चौकटीला धरून उभी राहिली. आणि तो राग, इतका वेळ धरून ठेवलेला, कुठे गेला ते तिला कळेना. एवढी माणसं, आणि इतक्या मुकाट्यानं बसलेली. घरात बोलणारं माणूस आजारी पडलंय हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

"तिला आता बोलता येत नाही," ती म्हणाली. "ती दमली. आणि पुढचं तिला माहीत नाही. मलाही नाही. तुम्ही कितीही वाट पाहिलीत तरी आमच्याकडे पुढचं नाही."

खोलीत कुणी उठल्याची चाहूल नव्हती. ओल्या सुताचा वास तसाच होता.

धाकटी टेबलाकडे गेली. भिंतीच्या कडेनं, एकेक पाऊल बघून. पण कपाट उघडायच्या ऐवजी ती ताईच्या खुर्चीत बसली. टेबलाच्या खणात कधीपासून पडून असलेली तिची स्वतःची जुनी शॉर्टहँडची वही आणि पेन्सिली होत्या. हात आपोआप तिकडे गेला. कोर्टात साक्षीदार नुसती मान हलवायला लागला की तिचे साहेब त्याला जे सांगत, ते तिच्या तोंडून निघालं.

"हूं म्हणून नोंद होत नाही," ती म्हणाली. "जे झालं ते तोंडानं बोला. एकेकानं. घाई नाही, मी लिहून घेतेय."

खाली दाराची बेल वाजली. सचिवाचा माणूस. ती पुन्हा वाजली, मग बराच वेळ दाबून धरल्यासारखी वाजली, आणि थांबली. तोवर जाड आवाज खाकरला होता, आणि धाकटीची पेन्सिल चालायला लागली होती. शब्दाला शब्द. पदरचं काही न घालता. मधे मधे तो थांबे, तेव्हा तिच्याही नकळत तिच्या तोंडून हुंकार जाई, आणि तो पुढे बोलू लागे.

८

ती खाली आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ताई जागी होती. धाकटी पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं लिहिलेलं वाचायला सुरुवात केली. पूल, वळण, पुढचा रस्ता. तिचा आवाज एकसुरी होता, कोर्टात जबानी वाचून दाखवतात तसा. तसा नसता तर तिला वाचणं जमलं नसतं. दोनदा ती थांबली, तेव्हा ताईनं डाव्या हातानं तिचा पदर ओढला.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाणी दुःखाचं होतं, पण धाकटी तिला जन्मापासून ओळखत होती. त्या चेहऱ्यावर थोडा मत्सरही होता. मी एवढं बोलले, आणि ते सांगितलं मात्र हिला. अखेर लेखकच ती.

"सगळं आलंय," धाकटी म्हणाली. "आता कुणाला देणार नाही मी हे. कुठे छापायचं ते बघू. झोप तू."

ताईनं मान हलवली. झोपायला नकार म्हणून नव्हे, तिला दुसरंच काहीतरी सांगायचं होतं. तिचं वाकडं तोंड हललं, थरथरलं, ओठ एकमेकांवर घासले. पडल्यापासून तिच्या तोंडून एक अक्षर आलं नव्हतं. धाकटीनं कान जवळ नेला.

"ना," ताई म्हणाली. मग सगळा जीव गोळा करून: "ना... वं."

धाकटी वहीकडे पाहत राहिली. पानंच्या पानं भरली होती. कोण कुठे उभं होतं, कुणाच्या हातात काय होतं, मूल केव्हा रडायचं थांबलं, सगळं होतं. नावं विचारायची राहिली होती. कोर्टात सगळ्यांत आधी नाव विचारतात.

तिनं ताईचं पांघरूण नीट केलं. पेन्सिलीला टोक काढलं, जरा जास्तच वेळ लावून. बाहेर कुणीतरी फाटकापाशी उभं होतं. सचिवाचा माणूस गेला नसावा, किंवा परत आला असावा. तिनं दाराला आतून कडी घातली आणि ती जिन्याकडे वळली.

वर इतका वेळ कुजबुज चालली होती, हे ती कुजबुज थांबल्यावर तिला कळलं.

धाकटीनं कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वर कुणीतरी दार उघडून धरलं होतं.